एकच रिंग

अमेरिकेतल्या आमच्या काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, १९८७ साली बक्षीस मिळालं. देशभरातल्या काउंट्या नव्या योजना पाठवतात, त्यांतून निवडून दिलेलं. त्याची पितळी पाटी ऑफिसच्या भिंतीवर आहे आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

योजना माझीच होती. स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकून मी शेजारच्या या काउंटीत वृद्धांच्या खात्यात लागले. या डोंगरांत एकेकटी राहणारी म्हातारी माणसं फार. घरात पडली तरी दिवसेंदिवस कुणाला पत्ता नसायचा. म्हणून आम्ही एक कॉम्प्युटर बसवला. तो रोज सकाळी सगळ्यांना फोन लावायचा. रिसीव्हर उचलला की टेपवर माझा आवाज विचारायचा, ‘गुड मॉर्निंग, आर यू ओके?’ दोनदा कुणी उचलला नाही की मशीनची घंटा वाजायची आणि पोलीस निघायचे.

माझे बाबा, ज्ञानदेव गुरुजी, आई गेल्यावर नागपूरहून माझ्याकडे आले होते. दिवसभर घरी एकटेच. त्यांचंही नाव मी यादीत घातलं. दहाच्या सुमाराला मशीनचा फोन आला की ते शाळेतल्यासारखं खणखणीत सांगत, “आय ॲम ऑलराइट. जय भीम.” ऑफिसातल्या सगळ्यांना ते फार आवडायचं.

आम्हा बापलेकीचा मात्र वेगळा करार होता. मी ऑफिसला पोचले की घरी एक रिंग द्यायची आणि ठेवायचं. त्यांनी उचलायचा नाही. दूर प्लेनोला राहणारा माझा भाऊ रवी लाँग डिस्टन्सचा खर्च नको म्हणून असंच करायचा, त्याचं बघून आम्हीही तसंच करू लागलो. एक रिंग म्हणजे पोचले. घंटी वाजतच राहिली तर काय, हे आम्ही कधी बोललो नाही. नागपूरला फोन शेजारच्यांकडे होता, आणि आमच्यासाठी तो वाजला की कुणीतरी गेलेलंच असायचं.

बक्षीसवाले पाहुणे बघायला यायचे होते त्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता. बाबा दारापर्यंत आले. “आज नको जाऊस गं बाई. रस्ता दिसत नाही.”

“बाबा, आज तर जायलाच हवं.”

“मग पोचल्या पोचल्या रिंग दे.”

गाडी दोनदा घसरली. जीव मुठीत धरून पोचले तर साहेबीणबाई कॅरल दारातच उभी. वादळ वाढायच्या आत पाहुण्यांना परतायचं होतं, म्हणून तिने सगळा कार्यक्रम अलीकडे ओढला होता. कोटसुद्धा काढू न देता तिने मला हॉलमध्ये नेलं. तिथे काउंटीचे कमिशनर, पाहुणे, पेपरवाला आणि मधोमध मशीन.

“आपण एक फोन लावून दाखवू,” कॅरल म्हणाली. “संघमित्राच्या वडिलांना. ही इज सो चार्मिंग!”

मी काही बोलायच्या आत तिने बटण दाबलं. स्पीकरवर घंटी वाजू लागली. वाजतच राहिली. पाहुणे हसतमुख. थांबून मशीनने दुसऱ्यांदा फोन लावला. पुन्हा तेच. बाबा बाथरूममध्ये पडले असतील. माझी काळजी करत बाहेर पायऱ्यांवर आले असतील आणि पाय घसरला असेल.

मशीनची घंटा वाजली तसे पाहुणे खुर्चीत पुढे सरकले. कॅरल माझ्या कानाशी कुजबुजली, “घाबरू नकोस. आता त्यांना सगळी सिस्टिम बघायला मिळेल.” त्या क्षणी मी तिच्या थोबाडीत मारली नाही, हीच माझी त्या दिवसाची कामगिरी.

मी पोलिसाच्या गाडीत जाऊन बसले. तो भला माणूस होता, सारखं “शी विल बी फाइन” असं काहीतरी म्हणत होता. कोणाबद्दल बोलतोय हेही त्याला नीट ठाऊक नव्हतं. वायपर बर्फ लोटत होते आणि मी वेड्यासारखी बाबांच्या अंगावर आज स्वेटर कुठला होता ते आठवत होते. आठवेना. आठवेना म्हणून आणखीच घाबरले. आईच्या वेळी मी इथे होते, पोचले नव्हते. आता एवढ्या जवळ असूनही तेच होणार, असं वाटत राहिलं.

पायऱ्यांवर कुणी नव्हतं. पोलिसाने दार ठोठावलं. आतून कडी, आवाज नाही. मी बर्फातून धावत मागे गेले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं.

बाबा भिंतीवरच्या फोनखाली जमिनीवर बसले होते. दोन्ही हात कानांवर, डोळे गच्च मिटलेले. जिवंत होते. मी काच बडवली, “बाबा! मी आहे!” त्यांनी डोळे उघडले, पण उठले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले, जणू मी तिथे असूच शकत नव्हते. मग भिंत धरत धरत आले आणि मागचं दार उघडलं. मला चाचपून पाहिलं. डोकं, खांदे, हात.

“एक रिंग नाही आली,” ते म्हणाले. “मग मशीनची वेळ नसताना घंटी वाजतच राहिली. उचलला असता तर त्यांनी सांगितलं असतं. मग पोलिसाची गाडी दिसली. म्हटलं, दार नाही उघडलं तर तेवढा वेळ तरी तू आहेस.”

मला रडू फुटलं. “अहो बाबा, ते मशीन होतं. उचलला असता तर माझाच आवाज आला असता!”

“तो तर रोजच येतो,” बाबा म्हणाले. “तू नसलीस तरी येईल.”

त्यांना धरून तिथेच बसले.

बक्षीस मिळालं. पाहुण्यांवर त्या सकाळची भलतीच छाप पडली म्हणे. त्यांच्या डोळ्यांदेखत पोलीस गेले आणि म्हातारा सुखरूप सापडला. टाळ्या वाजल्या तेव्हा कॅरलने मला मिठी मारली.

पण त्या बर्फाच्या दिवसानंतर दुसऱ्याच सकाळी मी ऑफिसात शिरताच, कोटासकट, घरचा नंबर फिरवला. एक रिंग देऊन ठेवणार होते. पण पहिली घंटी पुरी व्हायच्या आत बाबांनी रिसीव्हर उचलला.

“गुड मॉर्निंग, बाबा,” मी म्हणाले.

पलीकडून त्यांचा नुसता श्वास ऐकू येत होता. मग दबक्या आवाजात म्हणाले, “हे तर ते मशीनही म्हणतं. त्याला येत नाही असं काहीतरी बोल.”



“वरणात मीठ घालायचं राहिलंय, बाबा. जेवताना घालून घ्या.”

“हां,” बाबा म्हणाले, आणि मग फोन ठेवला.