आळीचा चेहरा

गडबच्या खालच्या आळीत सकाळी चहाच्या आधी कोण मेलं ते बघायची रीत होती. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. 'खारवारा' नावाचा पेपर पहिल्या एसटीनं यायचा, हायवेवरच्या प्रविण घरतच्या पापडाच्या दुकानात पडायचा आणि माणसं थेट चौथं पान उघडायची. निधनवार्ता. कोण गेलं, कुठल्या गावचं, दहावा कधी आणि कुठं. दहावा चुकवणं ही साधी गोष्ट नव्हती. वडखळच्या एका दहाव्याला कुणी गेलं नाही म्हणून दोन घरं अकरा वर्षं बोलत नव्हती, आणि बोलत नाहीत म्हणून एकमेकांचे पुढचे तीन दहावेही चुकले होते.

मग 'खारवारा' कागदावर निघायचा बंद झाला आणि मोबाईलवर गेला. तिथं पहिल्या दोन ओळी फुकट, बाकीचं धुक्यात. 'धरमतर येथील ज्येष्ठ नागरिक व मनमिळाऊ स्वभावाचे' एवढं दिसायचं, आणि खाली निळ्या पट्टीत 'पुढे वाचण्यासाठी वर्गणीदार व्हा'. धरमतरला मनमिळाऊ म्हातारे तीस-चाळीस तरी असतील. त्यातला नेमका कोण गेला ते बघायला आळीतली दोन माणसं मोटारसायकलवरून गेली, आणि ज्या दारात पडेल चेहऱ्यानं उभी राहिली, तिथं त्या म्हाताऱ्यानंच त्यांना पाणी आणून दिलं.

तेव्हा गावकी बसली. दाजी म्हणजे गावकीतले सगळ्यात वडील, त्यांनी निकाल दिला. आख्ख्या आळीत मिळून एकच वर्गणी घ्यायची, एक टॅब घ्यायचा, आणि देवळातली दिवाबत्ती जशी घराघरानं फिरते तसाच तो टॅबही घराघरानं फिरवायचा. सगळ्यांना पटलं. पेपरच्या कंपनीला मात्र असं काहीतरी होणार हे आधीच ठाऊक असावं. कारण वर्गणी भरल्याबरोबर टॅबवर एक गोल चौकट उघडली आणि खाली अक्षरं आली: 'वर्गणीदाराचा चेहरा चौकटीत धरा. दर वेळी हाच चेहरा लागेल.'

"माझा नको," दाजी म्हणाले. "मी स्वतःच कवा चौथ्या पानावर जाईन सांगता येत नाय. प्रविणचा घ्या. त्यो दिवसभर दुकानातच असतो, पळून कुठं जातोय."

प्रविणला तो मान वाटला. त्यानं केस विंचरले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि चौकटीत तोंड धरून जरासा हसला. ते हसू आता त्याला वर्षभर पुरवायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. "प्रविण, तोंड दे रे." पापड मोजताना, जेवताना, न्हाणीत अंगाला साबण लावलेला असताना. दाराच्या फटीतून टॅब आत यायचा आणि बाहेरून आवाज, "हस जरा, घेत नाय." बायको, अनिता, म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं तोंड मला उसनं मागायला लागतंय." एकदा अक्कलदाढेनं त्याचा गाल सुजला, तर मशीन म्हणालं 'ओळख पटली नाही', आणि त्या दोन दिवसांत आळीचे तीन दहावे बुडाले. गावकी पुन्हा बसली. प्रविणनं दाढी वाढवायची नाही. मिशीला कात्री लावायची नाही. दातांना त्रास होईल असं गोड खायचं नाही. आणि योजना पेण तालुक्यापुरतीच होती, टॅब हद्दीबाहेर गेला तर खातंच बंद पडणार होतं, म्हणून शेवटचं कलम असं की टॅब तालुक्यात आणि प्रविण टॅबजवळ.

"अरे, पण माझा फोटो काढून ठेवा ना," प्रविण म्हणाला.

फोटोही लावून बघितला. मशीनला सपाट माणूस चालत नव्हता. त्याला नाक पुढं आलेलं लागायचं.

हे सगळं प्रविणनं सोसलं असतं. पण रोह्याला त्याची धाकटी बहीण मृणाली दिलेली, तिच्या मुलाचं, आदेशचं, जावळ काढायचं होतं. जावळाला पोर मामाच्या मांडीवर बसतं. मामा नसेल तर न्हावी वस्तरा उघडत नाही. आणि मृणालीला भाऊ एकच. दोनदा दिवस ठरला होता. पहिल्यांदा दाजींच्या मेहुण्याचा दहावा कधी ते कळायचं होतं म्हणून आळीनं त्याला सोडलं नाही. दुसऱ्यांदा तो एसटीत बसलासुद्धा होता. तीन माणसांनी गाडी थांबवून, खिडकीतून टॅब आत घालून, तोंड घेतलं, आणि मग तोंडाबरोबर बाकीचा प्रविणही उतरवून घेतला.

तिसऱ्या वेळी मृणालीच्या सासूनं, काशीबाईनं, स्वतः फोन केला.

"पाव्हणं, आमच्या पोराचे केस आता कमरेला लागतील. लोक इचारतात, पोरगी का पोरगा. येत्या रविवारी दहाला न्हावी बसवलाय. तुम्हाला जमत नसंल तर सांगा. शेजारच्या दिपिकाचा भाव हाय, जितेश. लय प्रेमळ. त्याला मानलेला मामा करते."

"मावशी, मी येतोय."

"आलात तर तोंड दिसंल. नाय तर तुमचं तोंड काय, त्या डबड्यालाच दिसतंय म्हणतात."

प्रविणनं फोन ठेवला आणि दुकानाच्या पायरीवर बसला. जितेशला तो ओळखत होता. कुठल्याही लग्नात फोटोच्या मधोमध सापडणारा माणूस. एकदा का तो मामा झाला, की पोराच्या लग्नापर्यंत मामाच. पुढं नवरदेवाच्या पाटामागं तोच उभा राहणार आणि प्रविण मांडवाच्या दारात पापड वाटणार.

शनिवारी माल द्यायचं निमित्त करून तो पेणला गेला. पेण तालुक्यातच होतं, त्यामुळं गावकीची हरकत नव्हती. तिथं त्याचा शाळेतला दोस्त जगन, गणपतीचा कारखाना. प्रविणनं त्याला सगळं सांगितलं. जगननं हातातला ब्रश पाण्यात घातला आणि बराच वेळ प्रविणच्या तोंडाकडं नुसतं बघत राहिला.

"नाक मोठंय तुझं. सोपं जाईल," तो म्हणाला.

दुपारपर्यंत मुखवटा तयार झाला. नाक, मिशी, हनुवटीवरची खळी, सगळं प्रविणचं. फक्त डोळ्यांपाशी जगनच्या हाताला वर्षानुवर्षांचं वळण आडवं आलं. डोळे झाले गणपतीचे, लांबट, शांत, सगळ्या जगाला माफ केल्यासारखे.

"एवढा चांगला दिसत नाय मी," प्रविण म्हणाला.

"माहीतेय. पण यापेक्षा खाली मला येत नाय."

संध्याकाळी आळीनं देवळाच्या ओट्यावर मुखवटा ठेवून टॅब पुढं धरला. खऱ्या प्रविणला तीन-तीनदा नाकारणाऱ्या मशीननं मुखवट्याला एका झटक्यात आत घेतलं. दाजींनी मुखवट्याला चहूबाजूंनी निरखलं. "ह्यो बरा," ते म्हणाले. "जांभया देत नाय. जा तू रोह्याला, पण सांजच्या आत परत ये."

रविवारी सकाळी नागोठण्याच्या अलीकडं तालुक्याची हद्द ओलांडली तेव्हा प्रविणनं एसटीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि उगाचच सगळं तोंड वेडंवाकडं करून घेतलं. वर्षभरात पहिल्यांदा.

काशीबाईच्या अंगणात पाट मांडलेला, न्हावी पिशवी उघडून बसलेला, जितेश कडक इस्त्रीचा शर्ट घालून अगदी पाटाच्या शेजारी. प्रविण पाटावर बसला. मृणालीनं आदेशला त्याच्या मांडीवर दिलं. पोरानं मामाची मिशी धरली आणि सोडेना. न्हाव्यानं वस्तरा पुसला, तेवढ्यात शेजारची दिपिका कुंपणावरून हात हलवत आली.

"काशीमावशे, थांब गो. हे बघ काय आलंय."

तिच्या मोबाईलवर 'खारवारा' होता. वर मोठा फोटो: प्रविणचा चेहरा, डोळे अर्धे मिटलेले, गळ्याच्या जागी झेंडूचा भला मोठा हार, पुढं समई. खाली दोन ओळी. 'गडब, ता. पेण. येथील प्रसिद्ध पापड विक्रेते प्रविण घरत यांच्या'. त्याच्यापुढं धुकं.

मृणालीनं भावाकडं बघितलं, मग फोटोकडं, मग पुन्हा भावाकडं.

प्रविणला सगळं कळलं. देवळातल्या दिवाबत्तीची पाळी सध्या आळीतल्या ठमाबाईची, ती सकाळीच ओट्यावर दिवा लावायला येते. तिला ते गणपतीचे डोळे दिसले असणार आणि हात आपोआप हाराकडं गेला असणार. आणि हायवेवरून जाणाऱ्या कुणा वार्ताहराला तेवढंच पुरलं असणार.

"मावशी, मी जिवंत हाय," तो म्हणाला.

"ते दिसतंय मला," काशीबाई म्हणाली. "पण पेपरात उगाच येत नाय. तुमच्या घरातलं कोण गेलं?"

"कोण नाय गेलं. फोटो माझाच हाय ना?"

"फोटू चुकवतात पेपरवाले. मजकूर नाय चुकवत. कोणतरी गेलंय आणि तुम्ही लपवताय. सुतकातला मामा माझ्या नातवाला नको."

जितेश पाटाकडं वीतभर सरकला.

"दादा, गडबला फोन लाव," मृणाली म्हणाली. "बातमी उघडू दे आणि वाचू दे त्यांना."

प्रविणनं दाजींना लावला. "दाजी, टॅब मुखवट्यापुढं धरा आणि माझी बातमी वाचून दाखवा, लवकर."

"सकाळपासून तेच करतोय रं. हनुवटी हारात गेलीय, मशीन घेत नाय."

"मग हार काढा."

पलीकडं कुजबुज झाली. "ठमाबाय म्हणते, चढवलेला हार आज काढायचा नाय. आणि पोरींनी अगरबत्तीपण लावलीय, धुरानं अजून दिसत नाय. तूच ये की, तुझं तोंड मोकळं हाय."

काशीबाईनं हात पुढं करून फोन कानाला लावला. "आणि वाचलंत तरी तुमचीच माणसं, तुमचंच सांगणार," एवढं बोलून तिनं तो बंद केला.

न्हावी म्हणाला त्याला अकराला दुसरं जावळ आहे. जितेशनं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि आदेशकडं दोन्ही हात केले. पोरगं मामाच्या मिशीला आणखी घट्ट लोंबकळलं. प्रविणच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मिशीमुळं का आणखी कशामुळं, हे कुणाला कळलं नाही.

"मृणाली, तुझा फोन दे," तो म्हणाला. "रोह्याची वर्गणी वेगळी मिळते. मी भरतो. मावशी, बातमी तुम्ही तुमच्या डोळ्यांनी वाचा, मग ठरवा."

त्यानं एका हातानं पोर धरलं आणि दुसऱ्यानं रोहा तालुका योजना घेतली. गोल चौकट उघडली. तोवर फोन काशीबाईनं आपल्या हातात घेतला होता, चष्मा नाकाच्या टोकाला होता, आणि बातमी नीट दिसावी म्हणून तिनं तोंड अगदी जवळ नेलं होतं. फोननं टुणकन आवाज केला. 'वर्गणीदाराचा चेहरा नोंदवला आहे.'

धुकं विरलं. काशीबाईनं एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं: 'प्रविण घरत यांच्या मुखवट्याची गडबमध्ये स्थापना. वर्गणीदार घरत हे अत्यंत मनमिळाऊ स्वभावाचे असून त्यांची प्रकृती उत्तम आहे.'

"पेपरातच लिवलंय, प्रकृती उत्तम हाय," ती न्हाव्याला म्हणाली. "कर सुरू."

पहिली बट मामाच्या मांडीवर पडली. मग दुसरी. आदेश रडला, मिशी सोडून थेट मामाच्या गळ्यात पडला, आणि जितेश घड्याळ बघून काम आठवल्यासारखा उठला. प्रविण हलला नाही. आज पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

जेवण होईस्तो अंगणाच्या फाटकाशी सहा-सात बायका जमल्या होत्या. सगळ्यांच्या पुढं दिपिका. "काशीमावशे, तुझ्याकडं उघडतं म्हणे. जरा तोंड दे गो, आमच्या चुलत्याचा दहावा कधी ते बघायचंय." काशीबाईनं मोठ्या मानानं पदर सारखा केला आणि तोंड दिलं. दुसरीलाही दिलं. तिसरीच्या वेळी तोंडात घास होता, मशीननं घेतलं नाही.

एसटी नागोठण्याला थांबली तेव्हा प्रविणचा फोन दोनदा वाजला. आधी दाजी.

"कुठवर आलास? ठमाबायनं मुखवट्याला अभिषेक केला. दुधाचा. नाक गळून पडलंय. समोर पाच माणसं बसलीत, धरमतरचं कोणतरी गेलंय."

"येतोय," प्रविण म्हणाला, आणि काचेत बघून केस नीट केले.

दुसरा फोन काशीबाईचा. मागं बायकांचा गलका, कुणीतरी म्हणत होतं, हस गो जरा.

"पाव्हणं," ती हळू आवाजात म्हणाली, "जेवताना सांगितलंत तो मूर्तीवाला तुमचा, त्याचा नंबर द्या. आणि त्याला आधीच सांगून ठेवा, माझं नाक तुमच्यासारखं मोठं नाय."