वर राहिलेला हात

फोन खिळ्यांच्या बरणीला टेकवून थोरली त्याच्यासमोर स्टुलावर बसली. अर्ध्या मढवलेल्या सोफ्याच्या पलीकडे धाकटा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याचे पाय उशीवर ठेवले होते. पाय कसले, भिजलेल्या गाद्या झाल्या होत्या त्यांच्या. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा.

"लागली का सभा?" त्यानं भिंतीलाच विचारलं.

"लागतेय. अध्यक्ष अजून 'माझा आवाज येतोय का' म्हणतायत."

"मग वेळ आहे. चहा पिऊन घे."

ही दोघं भावंडं एकाच खोलीत राहायची. थोरली लोकांचे फाटके सोफे, बसक्या खुर्च्या नव्यानं मढवून द्यायची. धाकटा सेवा मंडळाची गाडी चालवायचा. मंडळ काही मोठं नव्हतं. दुकानदार, नोकरदार, निवृत्त झालेले, अशी वेळात वेळ काढून दुसऱ्यासाठी काही करू पाहणारी माणसं. त्यांच्या हातून झालेलं एकच धड काम म्हणजे ती गाडी. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, त्यांना लांबच्या शहरातल्या इस्पितळात डायलिसिसला न्यायचं आणि मशीनवर रक्त धुऊन झालं की घरी आणून सोडायचं. धाकट्यानं हे वर्षानुवर्षं केलं. मग नशिबानं अशी चेष्टा केली की त्याचीच मूत्रपिंडं गेली. मंडळानं दुसरा चालक ठेवला आणि धाकटा चाकामागून उठून मागच्या बाकावर जाऊन बसला. "बढती मिळाली," म्हणायचा. "आता मालकासारखा मागं बसतो."

पुढं गाडीचंही इंजिन बसलं. तेव्हापासून ती मंडळाच्या शेडमध्ये धूळ खात उभी होती. मागच्या बाकावरच्या बाकीच्यांपैकी एक आजोबा लेकीकडं राहायला गेले. एक बाई होत्या, त्या घरीच राहिल्या आणि घरीच गेल्या. उरला धाकटा. भाड्याच्या गाड्यांनी थोरलीचं मोठं शिलाईमशीन खाल्लं, मग कपाट खाल्लं. बसनं न्यावं तर वाटेत दोनदा बस बदलायची; मागच्या खेपेला परत येताना तो स्टँडवरच कोसळला होता. त्यानंतरची डायलिसिसची पाळी चुकली. पुढची पाळी उद्या होती. इस्पितळातल्या नर्सनं फोनवर सरळ सांगितलं होतं, "ताई, ही चुकवू नका. ही चुकली तर पुढचं मी बोलत नाही."

मंडळाची सभा पूर्वी वाचनालयाच्या माडीवर भरायची. माडी मालकानं परत घेतली, तेव्हापासून सभा फोनवर भरायला लागली. थोरली मंडळात आली ती भावाच्या जागी, आणि बसायची ती भावाच्या फोनवरून. त्या फोनवर त्यानं कधीतरी आपलं नाव घालायच्या ठिकाणी 'गाडी' असं टाकून ठेवलं होतं. त्यामुळे पडद्यावर सगळ्यांच्या चौकोनांत चेहरे दिसायचे, आणि हिच्या काळ्या चौकोनात नुसतं लिहिलेलं असायचं, गाडी. सभेत तिला कुणी नावानं हाक मारत नसे. "गाडी आली का?" "आली."

"बोलायचं कसं ते सांग पुन्हा," ती म्हणाली.

"खाली पंजा आहे बघ. तो दाबायचा. म्हणजे हात वर होतो. अध्यक्षांना दिसलं की ते बोलवतात. मधेच तोंड घालायचं नाही, शिस्त आहे."

तिनं पंजा दाबला. 'गाडी' या शब्दाच्या शेजारी एक पिवळा हात उभा राहिला. तिनं पदर सारखा केला. काय बोलायचं ते तिनं सोफ्याला कापड ठोकता ठोकता दिवसभर घोकलं होतं. गाडी दुरुस्त होईल तेव्हा होईल, पण तोवर पाळीपुरती कुणीतरी आपली गाडी काढा. एवढंच. भीक वाटू नये आणि हुकूमही वाटू नये, असं ते वाक्य तिनं घासूनपुसून ठेवलं होतं.

पण अध्यक्षांचं लक्ष नव्हतं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. समोर दोन माणसं असली तरी भाषण करणारे. नमनालाच घडाभर तेल गेलं. मग विषय निघाला, गाडीच्या दुरुस्तीसाठी निधी कसा उभा करायचा.

"केकची विक्री करू," गाणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

"बाई, मागच्या वेळी तुमचा केक मी घेतला, माझा तुम्ही घेतला," बेकरीवाला म्हणाला. "आपण एकमेकांचं वजन वाढवलं, निधी नाही."

"मग गाण्याचा कार्यक्रम ठेवू."

"मागच्या वेळी गाणारे जास्त होते आणि ऐकणारे कमी. वॉचमनला धरून आणून बसवला होता पहिल्या रांगेत."

सगळे हसले. थोरलीही हसली असती, पण हसण्याइतका श्वास तिच्याकडं नव्हता. तिचा पिवळा हात वरच होता. जुनी पुस्तकं विकायची, मैदानावर चालण्याची शर्यत ठेवायची, दुकानादुकानांत डबे ठेवायचे, एकेक गोष्ट निघाली आणि तिथंच बारगळली.

"मी सांगू का?" हे विमावाले. विम्याची कामं करून करून त्यांना प्रत्येक गोष्टीतला तोटा आधी दिसायचा. "लोक इंजिनला पैसे देत नाहीत. माणसाला देतात. आपल्या ड्रायव्हरचा फोटो लावा. आजारी चेहरा दिसला की हात खिशात जातो."

"नाही," खाटेवरून आवाज आला. फोनला तो ऐकू गेला नाही, थोरलीला गेला. हे बोलणं मागंही एकदा निघालं होतं आणि तेव्हाही त्यानं हेच सांगितलं होतं. "इतकी वर्षं माणसं मागं बसवून नेली. येताना कशी यायची ती, कोण ओकायचं, कोण रडायचं. मी आरसा वर करून ठेवायचो, ताई. कुणाचा चेहरा पाहिला नाही, कुणाला दाखवला नाही. माझा बाजारात मांडणार?"

"त्याची ना आहे म्हणे," अध्यक्षांनी मागची आठवण सांगितली.

"मग झालं," विमावाले म्हणाले. "स्पष्ट बोलतो, राग मानू नका. निधी जमत नाही. गाडीला प्रवासी उरलाय एक. एका माणसासाठी गाडी पोसायची? भंगारात विका. आलेल्या पैशांत बागेत बाकं टाकू, मंडळाच्या नावाची. शंभर माणसं बसतील."

गाणंवाल्या बाई चष्मा पुसायला लागल्या. खरं तर सगळे थकले होते; केक भाजून, डबे फिरवून, नाही ऐकून. थोरलीनं पंजाकडं पाहिलं. हात वरच होता. आता तरी कुणी म्हणेल, गाडी, बोला.

"मतालाच टाकतो," अध्यक्ष म्हणाले. "विकायच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

पडद्यावर एकेक पिवळा हात उगवत गेला, आणि त्या सगळ्यांच्या आधीपासून उभा असलेला तिचा हात त्यांच्यात मिसळून गेला. तिला तो खाली कसा घ्यायचा ते माहीत नव्हतं. तिनं पडद्यावर बोटं आपटली.

"मोजले," अध्यक्ष म्हणाले. "एका हाताच्या फरकानं ठराव पास."

"आणि तो हात कुणाचा बघा!" विमावाले हसले. "गाडीचा! खुद्द गाडीच म्हणतेय, मला विका!"

"अहो, नाही! तो हात बोलायचा होता!" थोरली ओरडली. पण तिचा आवाज बंद होता. ती ओरडत होती आणि फोनमधली माणसं निवांत एकमेकांना पुढच्या सभेचा वार विचारत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

"अरे, आवाज कसा सुरू करायचा? लवकर सांग!"

तिनं फोन बरणीपासून उचलला.

"ऐकतोयस ना? कुठलं बटण? ते उठतील आता!"

"राहू दे, ताई."

ती वळली. तो भिंतीकडं तोंड करूनच होता.

"लागला निकाल," तो म्हणाला. "बरं झालं. तू तरी सुटशील."

"उद्या पाळी आहे तुझी."

"कशावर नेणार? खांद्यावर?" तो हसल्यासारखं करून म्हणाला. "खांद्यावरून माणसाला एकदाच नेतात. तेवढं थांब. लांब नाही."

मंडळानं हात वर केले ते एक वेळ समजत होतं. लोक काय, लोकच. पण ह्यानंही हात वर केले होते, आणि तेही कधी, तिला कळलं नव्हतं. पाणी मोजून प्यायचं पथ्य सोडून दिलं होतं त्यानं परवापासून, ते ती बघत होती आणि तहान म्हणत होती.

आवाजाचं बटण तिला येत नव्हतं. पण चित्राचं येत होतं. गिऱ्हाइकांना कापडाचे रंग दाखवायला ती तेच दाबायची. ती उठली, सोफ्याला वळसा घालून खाटेशी गेली, त्याला खांद्याला धरून उताणा केला, बटण दाबलं आणि फोन त्याच्या तोंडापुढं धरला.

"काय करतेस?" त्यानं पडद्यात स्वतःलाच पाहिलं. सुजलेले गाल, राखेसारखा रंग. "बंद कर. ताई, बंद कर ते."

तिनं केलं नाही. त्याला तोंड पुन्हा भिंतीकडं फिरवायचं होतं, पण मान वळवायची ताकद नव्हती. त्यानं डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं गेलं. तिनं फोन खाली केला, त्याच्या पायांवर धरला, एक बोट दाबून खड्डा पाडला आणि तो खड्डा सभेतल्यांना बघू दिला. मग पुन्हा तोंडावर. तिनं हात खाली घेतला नाही.

फोनमधलं बोलणं थांबलं.

"हा... हा आपला ड्रायव्हर?" गाणंवाल्या बाई म्हणाल्या.

"गाडी," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच भाषणाचा नव्हता. "ताई, मी तुमच्याकडं निरोप टाकतोय. पडद्यावर येईल ते दाबा. आवाज सुरू होईल."

तिनं दाबलं. दिवसभर घोकलेलं वाक्य आता आठवेना.

"तो हात विकायचा नव्हता," ती म्हणाली. "तो बोलायचा होता. केव्हापासून वर होता."

"ठराव झालेला आहे," विमावाले हळूच म्हणाले. "चुकून का होईना, नियम तो नियम."

"मग माझाही हात चुकून होता समजा," बेकरीवाला म्हणाला. "घेतला खाली. मोजा पुन्हा." तो फोनच्या अगदी जवळ आला, पडद्यावर नुसतं नाक आणि मिशी दिसत होती. "ताई, गाडीचं काय व्हायचं ते होईल. इंजिनला निधी जमेलच असं मी सांगत नाही. पण उद्या सकाळी पाव टाकून झाले की माझी डिलिव्हरीची गाडी रिकामी असते. झोपून यावं लागेल त्याला, ट्रेच्या मधे. चालेल का?"

"चालेल," थोरली म्हणाली. धाकट्याला तिनं विचारलं नाही.

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. तिनं दिलेला घोट घेतला, हात लावू दिला, पण तोंड उघडलं नाही. सकाळी बेकरीवाल्यानं आणि तिनं मिळून त्याला हातांचा पाळणा करून उचललं आणि गाडीत घातलं. आत पावाचा वास होता, चुरा होता. थोरली त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. एका चढावर गाडी घरघरायला लागली तेव्हा त्यानं मागून पत्र्यावर बोटं वाजवली आणि ओरडला, "दुसऱ्या गिअरवर घे! ओढतोस कशाला तिला!" ते बेकरीवाल्यासाठी होतं, बहिणीसाठी नव्हतं.

मशीनवर रक्त धुऊन होईपर्यंत ती बाहेर बाकावर बसून राहिली. परत येताना तो झोपला होता. पुढच्या पाळीलाही पावाचीच गाडी आली. त्याच्या पुढच्या पाळीला बेकरीवाल्याला जमलं नाही, तर अध्यक्षांनी कुणाच्या तरी जावयाला धाडलं. त्याच्यापुढचं कुणालाच माहीत नव्हतं. धाकटा अजून तिच्याशी बोलत नव्हता.

मग एका पाळीला बेकरीवाला म्हणाला, जरा दुकानाशी थांबतो, ट्रे उतरवायचे राहिलेत. थोरलीनं धाकट्याला टेकवून बसवलं. गाडीचं मागचं दार उघडं राहिलं, आणि समोर बेकरीची काच होती. काचेवर कागद चिकटवलेला होता: 'आपल्या ड्रायव्हरसाठी. गाडी पुन्हा सुरू करू या.' खाली डबा. आणि वर त्याचा चेहरा. त्या सभेत गाणंवाल्या बाईंनी पडद्यावरचं चित्र पकडून ठेवलं होतं. सुजलेले गाल, मिटलेले डोळे, कानाकडं गेलेली ओल.

थोरलीनं दार ओढून घ्यायला हात पुढं केला, पण उशीर झाला होता. तो बघत होता. एक बाई पाव घेऊन बाहेर आल्या, कागदापाशी थांबल्या, डब्यात काहीतरी टाकून गेल्या. त्यांनी गाडीकडं पाहिलं नाही.

थोरलीनं मान खाली घातली. आता तो काय बोलेल ते ऐकायची तिची तयारी होती. आणि काहीच बोलला नाही तर, त्याचीही होती.

"डोळे मिटलेत माझे," तो म्हणाला.

"हो."

"मेल्यासारखा दिसतोय."

"तू मिटलेस. मी काय करू?"

बेकरीवाला ट्रे आपटत आत-बाहेर करत होता.

"घरी गेल्यावर दुसरा फोटो काढ," धाकटा म्हणाला. "डोळे उघडे असलेला."