बारावा प्रश्न

देवासच्या दोन सुट्टीतल्या शिबिरांनी माझ्या मुलीचा, चिऊचा, फॉर्म परत केला होता. तिसरं धारच्या पुढे, अमझेऱ्याच्या रस्त्यावर होतं, आणि तिथे तिला घेणार हे माझ्या सासऱ्यांनी, आबासाहेबांनी, फोनवरच ठरवून टाकलं. शिबिर चालवणाऱ्या विक्रमसिंहांचे आजोबा आमच्या घराण्याच्या पागेत कामाला होते.

"माझ्या नातीला नाही म्हणेल तो?" आबासाहेब म्हणाले.

मला नेमकी तीच भीती होती.

चिऊ दहा वर्षांची आहे. तिला फिट येतात. औषध सुरू असूनही दोन महिन्यांतून एखादी. शाळेच्या सहलीला ती कधी गेलेली नाही. जागा पसंत पडली तरच ठेवू, असं सांगूनही तिने बॅग गच्च भरली होती.

विक्रमसिंह फाटकातच आबासाहेबांच्या पाया पडले. चिऊ तलावाकाठच्या बोटी बघायला कुंपणापाशी पळाली. तिच्यावर नजर ठेवत मी वही उघडली.

"औषध सकाळी आठ, रात्री आठ. उशीर चालणार नाही."

"जी, हो जाएगा."

"कॅम्पफायर असला तरी नऊला झोपवायचं."

"बिलकुल."

"पाण्याजवळ असेल तेव्हा एक मोठं माणूस तिच्या हाताच्या अंतरावर हवं."

"भाभीसाहेब, आप टेन्शनच नका घेऊ."

अकरा प्रश्न, अकरा होकार. मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. एखादं मशीन प्रत्येक नमुन्याला तोच आकडा दाखवू लागलं, की आम्ही उत्तर आधीच माहीत असलेला नमुना त्यात घालतो.

बारावा प्रश्न वहीत नव्हता.

"फिट आली की तिच्या दातांत चमचा घालायचा. घालाल ना?"

आबासाहेबांनी समाधानाने मान हलवली. तो त्यांचाच उपाय होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी चिऊच्या तोंडात चमचा कोंबला, तिचा पुढचा दात तुटला, आणि घरात कोणी, मीसुद्धा, अवाक्षर काढलं नाही.

"जी हुकुम," विक्रमसिंह म्हणाले. "चमचा उशाशीच ठेवू."

"मी नाही घालणार."

मुलींच्या खोलीसमोर एक बाई उन्हात गाद्या टाकत होती. तिने वर पाहिलंही नव्हतं.

"रुक्मिणी, तुला कोणी विचारलं?" विक्रमसिंह म्हणाले.

"रात्री मुलींपाशी मी झोपते, भिया. आप नहीं." मग ती माझ्याकडे वळली. "चमच्याने दात तुटतो, ताई, तुकडा घशात जातो. मी कुशीवर वळवीन अन् घड्याळ बघेन. पाच मिनिटांच्या वर गेलं तर सीधा दवाखाना. माझ्या भावाला वीस वर्षं मिर्गी आहे."

आबासाहेबांचा चेहरा लाल झाला. "विक्रम, तुझ्याकडे नोकरमाणसं उलट बोलतात?"

"माफी, हुकुम. हिला आजच घरी पाठवतो."

रुक्मिणीच्या हातातली गादी तशीच राहिली. मी वही मिटली.

"आबासाहेब, ती बरोबर बोलते आहे. चिऊचा दात चमच्यानेच तुटला."

"पडून तुटला तो."

"नाही. मी तिथेच होते."

"मग तुम्हीच ठरवा, सूनबाई. पुढे काही झालं तर मला सांगायला येऊ नका." ते गाडीकडे निघून गेले.

मी रुक्मिणीला विचारलं, "तलावावर तुम्ही असाल?"

"नाही. तेव्हा मी रसोईत."

"मी लावतो ना कोणाला तरी," विक्रमसिंह म्हणाले.

"नको."

फॉर्मवरच्या कार्यक्रमांत मी 'बोट' या शब्दावर काट मारली आणि खाली लिहिलं: रुक्मिणीबाई इथे असेपर्यंतच चिऊ इथे राहील. विक्रमसिंहांनी ते दोनदा वाचून सही केली.

चिऊला बोलावून सांगितलं, तेव्हा तिचे डोळे भरले. "सगळ्या बोटीत जातील, तेव्हा मी काय करू?"

"माझ्याबरोबर पोळ्या लाट," रुक्मिणी म्हणाली.

"मला नाही आवडत."

"मलाही नाही आवडत. चल, ते टोक धर."

चिऊने डोळे पुसले आणि गादीचं टोक धरलं.

मी गोळ्यांची डबी रुक्मिणीच्या हातात दिली आणि वेळा म्हणून दाखवायला सांगितल्या. बाहेर आबासाहेब हॉर्न वाजवत होते. तिने वेळा सांगितल्या. मी पुन्हा एकदा विचारलं.