पट्ट्याचा मार

गिरणीचा पट्टा तुटून छातीवर बसला तेव्हा कोकिळानं हळद लावली आणि पुन्हा दळायला उभी राहिली. नवरा गेल्यापासून बोरी अरब गावातली ती गिरणी तिच्याच जिवावर चालत होती. काळंनिळं गेलं, दुखणंही थांबलं. पण दिवाळी उलटल्यावर अंघोळ करताना हाताला गाठ लागली. टणक, न हलणारी. वरची कातडी आत ओढलेली.

तिनं फोनवर फक्त मुलीला, समीक्षाला सांगितलं. तेवढ्यात मधल्या दाराआड उभ्या जावेनं, विजयमालानं, ऐकायचं ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं.

"कॅन्सरच हाय," विजयमालानं ठरवूनही टाकलं. कोकिळाचा चहाचा कप वेगळा झाला. कॅन्सर कपातून लागत नाही, एवढंही या बाईला कळू नये! कोकिळाला कीव आली नाही, किळस आली.

मग दीर पुंडलिकराव येऊन बसला. गळा दाटवून म्हणाला, "वहिनी, आता आराम करा. गिरणीचं रजत पायते. किल्ली द्या त्याच्याजवळ."

रजत म्हणजे त्याचा दिवटा. त्याला गहू कोणता नि ज्वारी कोणती, एवढंच कळायचं. तेही उजेड असला तर.

"मी मेली का भाऊजी? किल्ली कायले मांगून राह्यले?"

पुंडलिकराव उठून गेला.

समीक्षा तिला यवतमाळला घेऊन गेली. मॅमोग्राफी पाहून डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी पडली. "फोटोत कॅन्सरसारखंच दिसते. पण नुसत्या दिसण्यावर जायचं नाही. छातीला कधी मार लागला होता का?"

घरी रडायला, सल्ले द्यायला एवढी माणसं येऊन गेली. हे कुणी विचारलं नव्हतं. कोकिळानं पट्ट्याचं सांगितलं. मग सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्ट येईपर्यंत तिला घास गिळवत नव्हता. पण घरी तिनं टिपूस काढलं नाही. या माणसांपुढं रडणं म्हणजे त्यांना जेवायला वाढणं.

"कॅन्सर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मार लागून आतली चरबी मेली, तिची गाठ झाली. कापायची गरज नाही. पण तपासणीला येत राहा."

समीक्षा ढसाढसा रडली. कोकिळा हसली.

गावी परतली तर गिरणीचं कुलूप फोडलेलं. आत रजत मोबाइल पाहत बसलेला, दारात पुंडलिकराव, आणि दळणाला आलेल्या बायांमध्ये विजयमाला.

कोकिळानं रिपोर्ट सांगितला. विजयमाला बायांकडं वळून कुजबुजली, "डॉक्टर पेशंटले खरं सांगत नाईत ना माय."

"माह्या मरणाची तुले एवढी घाई काहून व?"

बाया फिसकन हसल्या. पुंडलिकराव म्हणाला, "वहिनी, आमाले तुमची काळजी होती."

"मंग दवाखान्यात सोबत काहून नाई आले? कुलूप फोडायले बरा टाइम भेटला!"

तिनं रजतला बखोटीला धरून उठवलं. त्यानं हरभऱ्याच्या पिठातच कुणाचे तरी गहू ओतले होते. ते तिनं पुंडलिकरावाकडून भरून घेतले, सगळ्या बायांदेखत.

काही महिन्यांनी विजयमाला गिरणीत प्रसाद घेऊन आली. "माह्या नवसानं विरघळली गाठ, बाई."

"कुठं विरघळली? हायच अजून. लहान झाली फक्त. हात लावून पाय."

विजयमाला झटकन मागं सरकली. कोकिळानं तिच्याकडं पाठ केली आणि पुढच्या बाईचा डबा उचलला.