गुलाबी पाण्याची परीक्षा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तशी माणसं खिडक्यांच्या कट्ट्यावर चढली. जो तो आपल्या पोराचं मनगट घट्ट धरून, जणू हात सुटला की पोरगं थेट दारूच्या दुकानात सापडेल. व्यासपीठावर काचेच्या पेल्यांची रांग, पेल्यांत गुलाबी पाणी आणि पाण्यामागे एका फुंकरीत दारू सोडवणारे फुंकरबाबा.

"बाटली आत गेली कुठून?" बाबांनी माइकवर विचारलं.

"तोंडातून!" सगळं सभागृह ओरडलं.

"मग बाहेर कुठून येणार?"

"तोंडातूनच!"

"मग डॉक्टर लोक पोट कशाला तपासतात हो?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एकेक पोर पुढे येई, नळीने पेल्यात फुंकत राही आणि बघता बघता पाणी नितळ होई. "सुटली!" बाबा गरजत. आया पदर डोळ्यांना लावत.

तिसऱ्या रांगेत लॅबमामा बसले होते. शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं मदतनीस असल्यामुळे सगळे त्यांना मामाच म्हणत. सोबत बायको होती आणि सोळा वर्षांची लेक. याच लेकीने पाण्याच्या बाटलीतून शाळेत दारू नेली होती, आणि स्वच्छतागृहात ती पडली तेव्हा तिथली फरशी पुसायला बोलावलं होतं मामांनाच. त्यांनी आधी लेकीला उचललं, मग फरशीही पुसली. त्या दिवसापासून त्यांची मान वर झाली नव्हती.

उपचार केंद्रातून ती घरी आल्याला चार महिने झाले होते. दर गुरुवारी साडेचारला ती दवाखान्यावरच्या खोलीत जाई. गोलात सात खुर्च्या, तिच्याच वयाची मुलं आणि एक समुपदेशक ताई. तिथला नियम एकच: कोणी घसरलं तर पहिल्या पाच मिनिटांत सांगायचं, आणि कोणीही रागवायचं नाही. ताई म्हणायच्या, "मामा, केंद्रातून घरी येणं म्हणजे नुसतं प्लास्टर निघणं. चालायला आता शिकायचंय."

पण हे शिकणं संपणार कधी, ते ताई सांगत नसत. बाबा सांगत होते, आजच.

लेकीची पाळी आली. तिने फुंकलं, पाणी निवळलं आणि बायको रडता रडता हसली. तिचं ते हसू मामांनी कित्येक महिन्यांनी पाहिलं. खरं तर हे गुलाबी पाणी त्यांनी ओळखायलाच हवं होतं. दर वर्षी दहावीच्या प्रात्यक्षिकाला ते स्वतः ते तयार करत आणि परीक्षा संपली की मोरीत ओतत. मनात शंका आलीही, पण त्यांनी ती तिथेच दाबली. बुडत्याला काडीचा आधार, इथे तर चांगली हातभर नळी होती.

जाताना बाबांनी एक पथ्य सांगितलं. "आता त्या खुर्च्यांवर बसायला पाठवू नका. रोगाचं नाव घेतलं की रोग परत येतो."

झालं. गुरुवार बंद झाले. ताईंचा फोन आला की बायको म्हणे, "तिला बरं वाटतंय हो आता." फ्रिजवर लावलेला कागद, जीव कासावीस झाला तर कोणाला फोन करायचा ते लिहिलेला, तोही निघाला. एकदा लेक मामांना म्हणाली, "मला गुरुवारी जायचंय." मामांनी चष्मा पुसत उत्तर दिलं, "अगं, सुटलीय ना तुझी?"

सहा आठवड्यांनी 'सुटका मेळावा' भरला. सुटलेल्या पोरांनी सगळ्यांदेखत पुन्हा फुंकून दाखवायचं होतं. लेकीने फुंकलं. पाणी नितळ झालं. बाबांनी कौतुकाने माइक तिच्यापुढे धरला.

"मी आज सकाळी प्यायलेय," ती म्हणाली. "काल पण. तरी पाणी साफ झालं."

बाबांनी माइक मागे ओढला. मग बाबा हसले. "ऐकलंत? ही पोरगी नाही बोलत, आतली दारू बोलतेय! जाता जाता शेवटचा फणा काढलाय!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोर सगळ्यांसमोर 'मला वाचवा' म्हणत होती, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

मामा उठले. वाटेतल्या टेबलावरून पाहुण्यांसाठी ठेवलेली सोडा वॉटरची बाटली त्यांनी उचलली, फोडली आणि पुढच्या गुलाबी पेल्यात ओतली. क्षणात पाणी नितळ.

"बाबा, ही बाटली कधीपासून पीत होती?" मामांनी विचारलं. "तिचीही सुटली बघा!"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मामा बोलत राहिले. "पाण्यात फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब आहेत आणि जरा चुन्याची निवळी. म्हणून ते गुलाबी. आपल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, या सोड्यातही तोच. तो पाण्यात मिसळला की रंग जातो. पिणारा फुंको, न पिणारा फुंको, तान्हं मूल फुंको. ज्या परीक्षेत कोणी नापासच होऊ शकत नाही, ती परीक्षा नव्हे हो! मी शाळेतला माणूस आहे. मला हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. कळलं होतं."

मागून एक बाई पुढे आली, मुलाला दंडाला धरून. "तुमचं झालं असेल तर सरका ना," ती काकुळतीने म्हणाली. "याची पाळी आहे."

सहा आठवड्यांपूर्वी मामाही असेच पुढे गेले होते. त्यांनी फक्त दवाखान्याचा पत्ता सांगितला, गुरुवार, साडेचार. तिने तो ऐकला की नाही कोण जाणे. मुलाने नळी तोंडात धरली.

गुरुवारी मामा दवाखान्याच्या जिन्यात बसले. बायको शेजारी, हातात फ्रिजवरचा तो कागद घेऊन. वर सातही खुर्च्या तशाच होत्या. दार लोटलं गेलं आणि पहिल्या पाच मिनिटांतच लेकीचा आवाज आला, "मी घसरले."

"आता सुटेल ना हो?" बायकोने हळूच विचारलं.

"माहीत नाही," मामा म्हणाले. आत जावं, तिच्याऐवजी आपण बोलावं, काहीतरी करावं, असं त्यांना फार वाटलं. करण्यासारखं काहीच नव्हतं.

वाचकहो, तुमच्या पोराची दारू आज, आत्ता, एका फुंकरीत सुटली असं कोणी सांगू लागला, तर आधी एक सोड्याची बाटली फोडून पाहा. आणि मग पोराला त्याच्या खुर्चीपर्यंत सोडायला जा. या गुरुवारी, पुढच्या गुरुवारी, आणि त्याच्याही पुढच्या. जिन्यात बसायला जागा असते.