प्रार्थनेत येणारा हात

मित्रांनो, मी ज्वारीचा एक जुना रांजण आहे. मला डोळे नाहीत. माणसं मी हातांवरून ओळखतो. त्यामुळे सांगताना माझं काही चुकलं, तर सांभाळून घ्या.

बेंबळीजवळच्या एका गावात कुंभारानं मला घडवलं. तिथल्या ख्रिस्ती प्रार्थनाघरात, अगदी दाराशी, मला जागा मिळाली. दर रविवारी सहा घरांतली मूठमूठ ज्वारी माझ्यात पडे. मग मोठी प्रार्थना सुरू होई आणि शेवटच्या ‘आमेन’पर्यंत सगळे डोळे मिटून बसत. तेवढ्या वेळात ज्याला गरज असेल त्यानं यावं, ज्वारी न्यावी. मग तो कुणीही असो. डोळे कुणी उघडायचे नाहीत, अशी तिथली रीत होती. मला तिचा फार अभिमान वाटे.

मागच्या वर्षी मोबाइलवरून कसलीशी अफवा आली आणि गावात दोन तट पडले. ख्रिस्ती घरांशी बोलणं बंद झालं. एका सकाळी प्रार्थनाघराच्या दारावर कुणीतरी काळ्या तेलरंगाचे फराटे ओढलेले निघाले. पाच घरं भीतीनं येईनाशी झाली. उरल्या सहाव्या घरातल्या एकट्या म्हाताऱ्या सखूबाई.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी ज्वारीची मूठ टाकली, पुढे जाऊन बसल्या आणि डोळे मिटले. पाऊल वाजलं नाही. दार करकरलं नाही. तरी एक गार हात माझ्यात उतरला. त्याची बोटं तेलरंगानं चिकट होती.

ज्वारी सळसळली. सखूबाईंचा आवाज मध्येच थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

असं चार रविवार झालं. त्यांचा दीर सिदू चिडला.

“वैनी, तुमी एकट्याच असता, मग जवारी कमी कशी व्हायलीय?”

“कुणीतरी यायलंय.”

“कोण?”

“डोळं मिटल्यावर कसं दिसंल रं?”

“पाठीत धोंडा बसल्यावर दिसंल! कुलूप लावतो, न्हायतर डोळं उघडं ठिवून बसा.”

“देव म्हणंल, म्हातारी प्रार्थनेला आली का राखणीला!” सखूबाई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, “मला लई भ्याव वाटतंय, सिदू. पर एकडाव बघितलं, की ते माणूस पुन्हा यायचं न्हाय. उपाशी ऱ्हाईल.”

पाचव्या रविवारी तो हात आला, पण आत उतरला नाही. माझ्या काठावर नुसता टेकून राहिला. सखूबाईंच्या पाठीमागे कुणाचा तरी श्वास चालू होता. तो त्यांनाही ऐकू येत असावा.

“देवा,” त्या म्हणाल्या, “हितं मी हाय, आन् आणिक कुणीतरी हाय. दोघांलाबी संभाळ.”

एवढं बोलून त्या थांबल्या. नेणाऱ्याला पुरेसा वेळ मिळावा, म्हणून शेवटचा शब्द त्यांनी उच्चारलाच नाही. प्रार्थनाघर इतकं निःशब्द झालं, की माझ्या तळाशी एक दाणा घरंगळलेला मला ऐकू आला.

आणि मग माझ्या तोंडाशी, खरखरीत आवाजात, कुणीतरी म्हणालं, “आमेन.”

सखूबाईंनी डोळे उघडले नाहीत.

मित्रांनो, तो हात कुणाचा, ते मला ठाऊक आहे. मला विचारू नका. तुमच्या दाराशी असा रांजण असेल, तर त्यावर झाकण ठेवू नका. पाठीमागे सळसळ झाली, तर भीती वाटेलच. तरीही थोडा वेळ डोळे मिटलेलेच राहू द्या.