मधल्या थरातला मी

मी एक रेणू बोलतोय. मला पाहिल्याचं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लाखभर जमलो तरी आम्ही डोळ्यांना दिसत नाही.

१९८४ साली पिंपात भरून मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आलो. तिथे मला रॉकेलात मिसळलं. माझ्या डोक्याला पाण्याची ओढ, शेपटीला तेलाची. थोडक्यात, अर्धा नोकरीचा, अर्धा घरचा. खालच्या पाण्यात विरघळलेला निओडिमियम नावाचा धातू धरायचा आणि वरच्या तेलात आणायचा, हे माझं काम. पुढे आम्ल तो आमच्याकडून काढून घेई आणि आम्ही रिकामे परत. आभार मानायची पद्धत नव्हती.

तेलात आम्ही एकेकटे राहत नाही. धातूभोवती डोकी आत, शेपट्या बाहेर असं कोंडाळं करतो. बाहेरून वाटतं, काय जिव्हाळा आहे. तसं काही नसतं. प्रत्येकाचं लक्ष धातूवर.

एकदा कारखान्याचे मॅनेजर जयवंत साहेब यांनी, मालकांना उत्पादन वाढवून दाखवायला, पाण्यात दुप्पट धातू सोडला. कोंडाळी फुगली, एकमेकांना चिकटली, तेलाला पेलेनात. तेल आणि पाणी यांच्यामध्ये आमचा तिसराच थर बसला, खळीसारखा घट्ट.

टाकी सांभाळायला दशरथ होता. गिरणी संपात बुडाली म्हणून इथे लागलेला, टापटिपीचा माणूस.

“साहेब, मधी मळी धरलीय.”

“मग टाक ना गटारात. मला दोन थर हवेत, स्वच्छ.”

तीन दिवस त्यानं ती टाकली. शनिवारी धातू कमी भरला. चोरीच्या संशयानं साहेबांनी गेटवर दशरथचा डबा उघडायला लावला.

“काय नेतोस रे यातून?”

“कुळथाची पिठी होती. सकाळी सांगितलं असतंत तर ठेवली असती थोडी.”

सोमवारपासून येऊ नको, असं त्याला सांगितलं.

मंगळवारी केमिस्ट सुनंदाबाईंनी मधला थर एका बाटलीत घेतला. त्यात मीही होतो. त्यांनी आम्हाला तपासलं आणि बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवली.

“सर, धातू इथे आहे. रेणू गोळा होऊन बसलेत. तेलात जरा जड अल्कोहोल घातलं की सुटतील. दशरथला बोलवा.”

“म्हणजे चूक माझी होती, असं कळवू का मालकांना?”

खोलीतले सगळे खाली बघून चहा ढवळू लागले.

अल्कोहोल आलं. दशरथला बोलावणं गेलं नाही. तो आला तो आपला टॉवेल न्यायला. बाईंनी बाटली त्याच्या हातात दिली. “दशरथ, हा बघा चोर.”

त्यानं ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

“बरे आहेत हे, बाई. धरलं त्याला सोडलं नाही यांनी.”

मग तो दहिसरला घरी गेला. परत आला नाही.

पुढे सुनंदाबाईही दुसरीकडे लागल्या. मी प्रयोगशाळेतल्या कपाटाच्या मागच्या फळीवर, त्याच बाटलीत, अगणित सोबत्यांत चेपून बसलोय. बोलायला कुणी नाही. लेबलवर फक्त ‘तिसरा थर’ आणि तारीख आहे. कपाट आवरताना मला टाकाल, त्याबद्दल तक्रार नाही. दिसतो मी मळीच. पण आधी त्या लेबलवर एक ओळ लिहा: दशरथनं काही नेलं नव्हतं.